पँटची कंबर, बॉटम आणि कपाटातला जुना सूट
(शिवायला टाकण्यापूर्वी वाचावे, आमच्या ग्राहकांसाठी)

सध्या दुकानात गंमत चालली आहे. मुलगा येतो तो मोबाइलवरचा फोटो पुढे करून ढगळ, दोन-दोन प्लीटची (पट्ट्याखालच्या चुण्यांची) पँट मागतो. त्याच्याबरोबर आलेले वडील पिशवीतून १९९५ सालची अगदी तशीच पँट काढतात आणि म्हणतात, "मास्टर, ही जरा नॅरो करून द्या." दोघांचंही काम आम्ही आनंदाने करतो. पण काउंटरवर उभ्या उभ्या सगळं समजावून सांगणं होत नाही, लग्नसराईत तर मुळीच नाही. म्हणून हे पत्रक.

आधी कंबर ठरवा, मग बॉटम

फॅशन बदलली की सगळ्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरतो तो बॉटम, म्हणजे पायाशी असलेला पँटचा घेर. पण पँटचा घाट ठरतो वरून. पट्टा बेंबीच्या जवळपास बसणार की खाली खुब्यावर, हे एकदा ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

बेंबीजवळ बसणारी पँट कमरेच्या बारीक भागावर टेकते आणि कापड तिथून सरळ खाली पडतं. अशा पँटला मांडीत सैलपणा देता येतो आणि प्लीटही शोभते. उभं असताना प्लीट मिटलेली असते, बसलं की उघडते आणि मांडीला जागा देते. तिचं काम एवढंच. तीच प्लीट खुब्यावर बसणाऱ्या पँटला घातली की उभ्यानेसुद्धा उघडी राहते, बाजूचे खिसे फाकतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं शिलाई बिघडली. शिलाई ठीक असते, कंबर चुकलेली असते. तेव्हा पँट खाली सरकवून घालायची सवय असेल तर प्लीटचा हट्ट धरू नका, प्लेन फ्रंट, म्हणजे बिनप्लीटची घ्या. आणि प्लीट हवीच असेल तर पट्टा वर बांधायची तयारी ठेवा. पहिले चार दिवस पोट आवळल्यासारखं वाटेल, नंतर त्याचं काही वाटत नाही.

सुटात ही गोष्ट आणखी उघडी पडते. दोन बटणांच्या कोटाचं वरचं बटण लावून आरशासमोर उभे राहा. बटणाच्या खाली कोटाच्या दोन्ही बाजू फाकतात. त्या फटीत शर्टाचा पांढरा त्रिकोण आणि टायचं टोक दिसत असेल तर कोटाला नावं ठेवू नका, पँट दीड-दोन इंच खाली बसली आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला रिसेप्शनचा कुठलाही अल्बम काढा, हा त्रिकोण हटकून सापडेल. आता बाबासाहेब आंबेडकरांचे थ्री-पीस सुटातले फोटो आठवा. त्या काळच्या सुटात वेस्टकोट संपतो तिथे पँट आधीच सुरू झालेली असते, मधे शर्ट डोकावायला जागाच नाही. पँट कमरेच्या वर शिवलेली आणि पुष्कळदा पट्ट्याऐवजी खांद्यावरच्या गॅलिसवर तोललेली असे. ज्यांचं पोट सुटलं आहे त्यांना आम्ही आजही गॅलिस सुचवतो. पट्टा पोटाखाली घसरतो, गॅलिस घसरत नाही. लोक लाजतात, पण कोटाच्या आत कुणाला दिसतंय?

बॉटमचा चढउतार

रुंद बॉटम म्हणजे बेलबॉटम एवढंच आपल्याला आठवतं, पण गोष्ट त्याच्याही आधीची आहे. १९२५च्या सुमारास इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांमुळे 'ऑक्सफर्ड बॅग्ज' नावाच्या पँटींची टूम निघाली. त्यांचा बॉटम २२-२३ इंच आणि काहींचा त्याहूनही मोठा असे. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने कापड वाचवायला १९४२ साली पँटच्या टर्न-अपवर, म्हणजे बॉटमला बाहेरून दिलेल्या दुमडीवर बंदी घातली. खिसे किती असावेत हेही ठरवून दिलं आणि डबल ब्रेस्ट (बटणांच्या दोन रांगांचा) कोट बंद केला. लोक कसले ऐकतात! पँट मुद्दाम लांब शिवून घ्यायची आणि घरी नेऊन दुमडायची, अशी पळवाट निघाली. १९४४ मध्ये ती बंदी उठली. अमेरिकेत त्याच काळात मेक्सिकन वंशाचे तरुण मुलगे गुडघ्यापर्यंत कोट आणि वर ढगळ, घोट्याला आवळलेल्या पँटी घालत. कापडटंचाईच्या दिवसांत हा माज आहे, असं म्हणून १९४३ साली लॉस एंजेलिसमध्ये सैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं आणि अंगावरचे सूट फाडले. पँटच्या घेरावरून दंगल झाली, ती ही.

आपल्याकडे कोट आला तो धोतरावर. कचेरीतले कारकून आणि शाळेतले मास्तर कितीतरी वर्षं धोतरावर कोट आणि डोक्याला टोपी किंवा पगडी अशा वेशात वावरले. पँट सर्रास झाली ती नंतर. साठच्या दशकात अरुंद, नळीसारखी पँट होती. सत्तरच्या दशकात बेलबॉटम आला. गुडघ्याला घट्ट आणि खाली २२-२४ इंच, हौशी मंडळींची २६ सुद्धा. हे सगळं तगलं ते टेरिलिन आणि टेरीकॉट या पॉलिएस्टरच्या कापडांमुळे. एवढा घेर सुती कापडाला दिला असता तर संध्याकाळपर्यंत लोळागोळा झाला असता. पॉलिएस्टरची इस्त्री दिवसभर टिकते. त्याच सुमारास सफारी आला. आज त्याला लोक हसतात, पण अर्ध्या बाह्या, आत शर्ट नाही आणि टाय नाही, म्हणजे आपल्या हवेचा विचार केलेला तेवढा एकच सूट, असं आमचं मत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत बॅगी. मांडीला सैल, दोन-तीन प्लीट, खाली निमुळती. वडिलांच्या पिशवीतली पँट ती हीच. मग दोन हजारनंतर वारं उलटं फिरलं. पॅरिसमध्ये हेदी स्लिमान या डिझायनरने डिओरसाठी अगदी सडपातळ सूट काढले आणि ती काटछाट हळूहळू जगभरच्या दुकानांत पोचली. आपल्याकडे २०१०नंतर तर बॉटम १३ इंचांवर आला, कंबर खुब्यावर गेली, आणि पायात पँट चढवताना टाच अडकू लागली. आता पुन्हा कंबर वर, प्लीट परत, बॉटम रुंद.

तुम्ही काय घ्यावं? ऑफिस आणि समारंभ दोन्हींसाठी एकच पँट शिवायची असेल तर मध्यम उंचीच्या माणसाला १५ ते १६ इंच बॉटम बरीच वर्षं चालतो. फोटोतल्या मुलाची पँट १८-१९ इंचांची असते, पण तो सहा फुटांचा असतो हेही पाहावं. पाऊल मोठं असेल तर १३-१४ इंचांत बूट होडीसारखा पुढे येतो. समोरून पाहिल्यावर बॉटमने बुटाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकला पाहिजे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

लांबी बॉटमवर अवलंबून असते, हे सहसा कुणी सांगत नाही. अरुंद बॉटम बुटावर सरकत नाही, तिथेच अडकतो. त्यामुळे लांबी जास्त ठेवली की नडगीवर चुण्यांची रास होते. म्हणून नॅरो पँट आखूड ठेवतात. १७ इंचांच्या पुढचा बॉटम मात्र बुटावरून खाली उतरतो, त्याला मागे टाचेपर्यंत लांबी देता येते. एकाच माणसाच्या दोन पँटींच्या लांबीत अर्धा-पाऊण इंच फरक असणं अगदी बरोबर आहे. "मागच्या पँटच्या मापानेच करा" असं म्हणताना बॉटमही तोच आहे ना, एवढं बघा.

कोटाबद्दल थोडं

कोटाची फॅशन पँटपेक्षा सावकाश बदलते. ऐंशीच्या दशकात खांद्यांत जाड पॅड होते, नव्वदीत तीन बटणं वर चढली, नंतर दोन बटणं आणि दोन-सव्वादोन इंचांचं बारीक लॅपेल (छातीवर उलटवलेली पट्टी). आता लॅपेल सव्वातीन-साडेतीन इंचांकडे निघालं आहे. ज्याचे खांदे रुंद आहेत त्याने बारीक लॅपेल घेऊ नये, छाती उघडी पडल्यासारखी दिसते. लांबीचा एकच नियम: कोटाने बसायची जागा झाकली पाहिजे. मागे साइड कट (दोन्ही बाजूंना चीर) घेतलात तर खिशात हात घातल्यावर कोट वर गोळा होत नाही.

आतली बाजू जास्त महत्त्वाची. छातीवरच्या कापडाला आतून आधार लागतो. तो गरम दाबाने चिकटवला तर फ्युजिंग, टाक्यांनी धरला तर कॅनव्हास. फ्युजिंग स्वस्त आणि लवकर होतं, आणि वर्षातून दोनदा घालायच्या कोटाला ते पुरतं. पण वारंवार ड्रायक्लीन केलं की गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. ते नीट करता येत नाहीत. रोज कोट लागणारे वकील, प्राध्यापक यांना आम्ही निदान छातीपुरता कॅनव्हास घ्यायला सांगतो. ओळखायचं असेल तर खालच्या काजाच्या जवळ कापड आणि अस्तर दोन्ही चिमटीत धरून अलगद वेगळं करून बघा. मधे तिसरा सुटा पदर बोटांना लागला तर तो कॅनव्हास.

जुन्या सुटाचं काय होतं, काय होत नाही

पँट रुंदाची अरुंद करणं सोपं. गुडघ्याखालून बॉटम घेणं हे रोजचं काम आहे. पण नव्वदीतल्या बॅगीची प्लीट काढून प्लेन फ्रंट करा म्हणाल तर तेवढं कापड बाजूच्या शिवणीतून काढावं लागतं, आणि तिथे खिसे आहेत. खिसे उसवून, पट्टा उसवून पुन्हा बांधायचा म्हणजे जवळजवळ नवी पँटच. त्याला आम्ही नाही म्हणतो. शिवाय तुमचा मुलगा ती पँट आहे तशी घालायला तयार असेल, आधी त्याला विचारा.

अरुंदाची रुंद करणं मात्र शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) किती आहे त्यावर आहे. रेडीमेड पँटमध्ये आतल्या शिवणीला बहुधा जेमतेम अर्धा इंच असतो, तोही ओव्हरलॉकने कापलेला. आमच्याकडे शिवलेल्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत, मांडीच्या आतल्या शिवणीत आणि खाली बॉटमला अडीच इंच माया सोडलेली असते. कंबर दीड-दोन इंच वाढवायला तेवढी पुरते. बॉटम उलगडून लांबी वाढवताना एक अडचण येते. जुन्या दुमडीची रेघ गडद कापडावर राहून जाते, आणि टाचेकडे बुटावर घासून तिथले धागे पांढरे पडलेले असतात. नवी पँट शिवतानाच मागच्या बाजूला आतून टेप लावून घेतली तर ही झीज टेपवर जाते. सूटच्या पँटला आम्ही ती लावतोच. साध्या पँटला हवी असेल तर सांगा.

कोटाची कंबर घेता येते, सोडताही येते. बाही आखूड होते. मात्र बाहीला खरी काजं असतील तर अर्ध्या इंचाच्या पुढे जाऊ नये. खांदा उतरवायचा तर दोन्ही बाह्या आणि कॉलर काढून बसवावी लागते. खर्च ऐकून बहुतेक जण कोट परत नेतात आणि ते बरोबरच असतं. लांबी इंचभराच्या वर कमी केली की खिसे खाली लोंबल्यासारखे दिसतात. डबल ब्रेस्टचा सिंगल होत नाही. आजोबांचा लोकरी सूट आणणार असाल तर आधी तो उजेडात धरून बघा. कसर लागलेली असेल तर बारीक भोकं दिसतील. एखाद-दुसरं असेल तर रफू होतं, चाळणी झाली असेल तर त्यावर शिलाईचे पैसे घालवू नका.

कापड घेताना

कापडाच्या काठावर सुपर १००, सुपर १२० असे आकडे असतात. लोकरीचा धागा किती बारीक, एवढंच तो आकडा सांगतो: सुपर १०० म्हणजे सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १५० म्हणजे १६.२५ पर्यंत. आकडा मोठा म्हणजे कापड टिकाऊ, असं मुळीच नाही. उलट ते नाजूक होत जातं आणि स्कूटरच्या सीटवर लवकर झिजतं. रोजच्या वापराला टेरीवूल (पॉलिएस्टर-लोकर) बरं. टी.आर. (पॉलिएस्टर-रेयॉन) स्वस्त आहे आणि पडतंही छान, पण फार गरम इस्त्रीने त्यावर चकाकी येते. वर ओलसर सुती फडकं घालूनच इस्त्री करा.

रुंद फॅशनला कापड पडणारं लागतं. हलकं, कडक कापड घेऊन १८ इंचांचा बॉटम शिवला तर तो पायाभोवती तंबूसारखा उभा राहतो. मुलांना हे पटत नाही, पण मोबाइलवरच्या फोटोत कापडाचं वजन दिसत नाही.

५८ इंच पन्ह्याच्या कापडात साधारण बांध्याच्या माणसाचा टू-पीस सूट सव्वातीन मीटरमध्ये बसतो. परवडत असेल तर साडेचार मीटर घ्या आणि एका कोटावर दोन पँटी शिवा. आधी झिजते ती पँट, आणि दोन वर्षांनी त्याच रंगाचं कापड आणलंत तरी रंगाची छटा जुळेलच असं नाही. दुसरी पँट वेगळ्या बॉटमची शिवलीत तरी चालते. फॅशन पलटली की ती बाहेर काढायची.

आमच्याकडे येताना

रिसेप्शनचा सूट असेल तर किमान महिनाभर आधी कापड टाका. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. आल्टरेशनची कामं शक्यतो श्रावण-भाद्रपदात आणा, तेव्हा कारागीर मोकळे असतात आणि काम निवांत होतं. सुटाची एक ट्रायल कच्च्या टाक्यांवर होते, ती चुकवू नका. खांदा आणि कंबर तेव्हाच सहज हलवता येते, नंतर तितकं सोपं नसतं. ट्रायलला येताना समारंभात घालणार तेच बूट घालून या, चपलेवर लांबी धरता येत नाही. आणि पाकीट-मोबाइल पँटच्या खिशात ठेवायची सवय असेल तर ट्रायलच्या वेळीही तसेच ठेवा.