फातेन हमामा

हमामा, फातेन : (२७ मे १९३१ – १७ जानेवारी २०१५). इजिप्तच्या चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ अभिनेत्री. अरब जगात त्या 'सय्यिदत अल-शाशा अल-अरबिय्या' म्हणजे 'अरबी पडद्याची स्वामिनी' या बिरुदाने ओळखल्या जातात. त्यांची कारकीर्द साठ वर्षांची आणि चित्रपट शंभराच्या आसपास.

त्यांचे बालपण नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मन्सूरा शहराशी निगडित आहे. वडील शिक्षण खात्यात नोकरीला होते. लेकीला लहान मुलांच्या सौंदर्यस्पर्धेत बक्षीस मिळाल्यावर त्यांनी तिचे छायाचित्र दिग्दर्शक मोहम्मद करीम यांच्याकडे पाठवले, आणि 'यौम सईद' (१९४०, आनंदाचा दिवस) या चित्रपटात गायक-संगीतकार मोहम्मद अब्दुल वहाब यांच्यासोबत तिला भूमिका मिळाली. १९४६ मध्ये त्यांनी कैरोतील अभिनयसंस्थेत प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक इझ्झ अल-दीन झुल्फिकार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो १९५४ पर्यंत टिकला. सुरुवातीच्या काळात त्यांच्या वाट्याला बहुधा गरीब, सोशिक, नशिबाला बोल लावणाऱ्या मुलीच आल्या. त्या चाकोरीतून त्या बाहेर पडल्या ते १९५० च्या दशकात.

यूसुफ शाहीन यांच्या 'सिराअ फिल-वादी' (१९५४, खोऱ्यातला संघर्ष) या चित्रपटात ऊसमळ्यांचा मालक असलेल्या पाशाची मुलगी त्यांनी साकारली. समोर नायक म्हणून उमर शरीफ हा नवखा तरुण होता. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या शरीफ यांनी इस्लाम स्वीकारून १९५५ मध्ये त्यांच्याशी लग्न केले. शरीफ पुढे हॉलिवूडमध्ये रमले, आणि १९७४ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. परदेशी वाचकाला फातेन हमामा बहुतेकदा 'उमर शरीफ यांची पत्नी' म्हणूनच माहीत असतात. ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, कारण लग्नाच्या वेळी मोठे नाव त्यांचे होते.

त्यांच्या अभिनयाचे शिखर हेन्री बरकात यांच्या दोन चित्रपटांत दिसते. 'दुआ अल-करवान' (१९५९, करवानाची साद) ताहा हुसेन यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. करवान म्हणजे रात्री माळावर ओरडणारा पक्षी. आपला करवानक त्याचाच भाऊबंद. नायिका आमना हिच्या बहिणीला नादी लावणाऱ्या इंजिनियरमुळे मामाच्या हातून त्या बहिणीचा खून होतो, आणि आमना सूड घेण्यासाठी त्याच इंजिनियरच्या घरी मोलकरीण म्हणून राहते. द्वेष केव्हा प्रेमात मिसळला हे तिचे तिलाही कळत नाही. हा बदल हमामा यांनी केवळ डोळ्यांतून आणि आवाजाच्या उतारातून दाखवला आहे. १९६० च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

'अल-हराम' (१९६५, पाप) मध्ये त्या अझीझा झाल्या. अझीझा म्हणजे मुकादमाच्या टोळीबरोबर गावोगाव शेतमजुरीला जाणारी बाई. आजारी नवऱ्याला रताळे खावेसे वाटते म्हणून ती शेतात ते उकरायला जाते आणि तिथे तिच्यावर बलात्कार होतो. गर्भ लपवत ती राबत राहते, झाडाखाली एकटीच बाळंत होते आणि मूल रडू नये म्हणून त्याचे तोंड दाबून धरते. यूसुफ इद्रीस यांच्या मूळ कथेतली ही बाई हमामा यांनी जराही सुंदर करून दाखवली नाही. घामाने, धुळीने माखलेला तो चेहरा दयेची याचना करत नाही, आणि म्हणूनच पाहणाऱ्याला सोडत नाही. हा चित्रपट १९६५ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

याच सुमारास, १९६६ मध्ये, राजकीय दबावामुळे त्यांनी देश सोडला. त्या १९७१ मध्ये परतल्या आणि लगेचच 'इम्बरातूरियत मीम' (१९७२) मध्ये सहा मुलांचा संसार एकटीने ओढणाऱ्या विधवा आईच्या भूमिकेत आल्या.

'उरीदु हल्लन' (१९७५, मला तोडगा हवा) या सईद मरझूक दिग्दर्शित चित्रपटाची कथा पत्रकार हुस्न शाह यांची. नको असलेल्या नवऱ्यापासून मोकळे होऊ पाहणारी दुर्रिया कोर्टाच्या तारखांमागून तारखा सोसते आणि शेवटी हरते. तिच्या खटल्याबरोबरच कोर्टाच्या ओसरीवर ताटकळणाऱ्या इतर बायकांच्याही कहाण्या येतात. त्यांतली अमीना रिझ्क यांनी रंगवलेली म्हातारी तर विसरता येत नाही. १९७९ मध्ये कौटुंबिक कायद्यात स्त्रियांच्या बाजूने दुरुस्त्या झाल्या, त्याचे श्रेय अनेकदा या चित्रपटाला दिले जाते. एवढे सगळे श्रेय एकट्या चित्रपटाला देणे अतिशयोक्तीचे आहे. त्यामागे स्त्रियांच्या चळवळीचे आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिहान सादात यांचेही प्रयत्न होते. मात्र कोर्टात दबून राहिलेले दुःख घरोघरी चर्चेला आणण्याचे काम या चित्रपटाने नक्की केले. १९७९ ची तरतूद १९८५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केली आणि तिच्या जागी सौम्य कायदा आला. मेहर परत करून नवऱ्याच्या संमतीविना विवाह मोडण्याचा, 'खुला'चा, मार्ग इजिप्शियन स्त्रीला २००० मध्ये मिळाला.

उतारवयात त्यांनी मोजकेच काम केले. खैरी बिशारा यांच्या 'यौम मुर्र, यौम हिल्व' (१९८८, एक दिवस कडू, एक गोड) मध्ये त्या कैरोच्या गरीब वस्तीतल्या कर्जबाजारी विधवा होत्या. 'दमीर अब्ला हिकमत' (१९९१) या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी तत्त्वनिष्ठ मुख्याध्यापिका उभी केली. 'वज्ह अल-कमर' (२०००) ही त्यांची अखेरची मालिका. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाने १९९९ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये उमर शरीफही गेले.