आंबवलेले अन्न आणि आतड्यांचे आरोग्य (गोवा)

धान्य, दूध, फळ किंवा रस यांत सूक्ष्मजीवांची हवी तेवढी वाढ होऊ देऊन, त्यांच्या विकरांकडून (एन्झाइमांकडून) बदल घडवून तयार केलेले अन्न म्हणजे आंबवलेले अन्न. गोव्यात सान्ना (इडलीसारखा वाफवलेला पदार्थ), पाव, आंबोळी, सूर (माडाचा आंबलेला रस), माडाचे व्हिनेगर, दही-ताक आणि मिठात चेपलेली तोरे (कोवळ्या कैऱ्या) हे त्याचे परिचित प्रकार. अलीकडे या सगळ्यांना सरसकट ‘प्रोबायोटिक’ म्हटले जाते. तसे म्हणणे चुकीचे आहे. वाफेवर फुललेल्या सान्नात जिवंत सूक्ष्मजीव जवळजवळ उरत नाहीत. उलट ज्या अळसांद्यांच्या तोणाकाला (चवळीच्या रश्श्याला) कोणी प्रोबायोटिक म्हणत नाही, ते आतड्यातल्या जिवाणूंचे उत्तम खाद्य असते. आंबवलेले अन्न, प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक या तीन संज्ञा वेगळ्या ठेवल्या तरच गोमंतकीय ताटाची खरी ताकद कळते.

संज्ञा : अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची बैठक २००१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे झाली. पुरेशा मात्रेत दिल्यावर आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या तेथे ठरली आणि २०१४ मध्ये किरकोळ शब्दबदलांसह ती कायम झाली. व्याख्येतील ‘जिवंत’, ‘पुरेशी मात्रा’ आणि ‘लाभ’ या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. शिवाय लाभ सिद्ध होतो तो विशिष्ट वाणाचा, म्हणजे जिवाणूच्या एकाच जातीतल्या ठरावीक उपप्रकाराचा. एका वाणाचे यश त्याच्या भाईबंदांच्या खात्यावर जमा करता येत नाही. म्हणून घरचे ताक जिवंत जिवाणूंनी भरलेले असले, तरी त्यात कोणते वाण किती आहेत हे ठाऊक नसल्याने ते काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक ठरत नाही. त्याला ‘जिवंत जिवाणू असलेले आंबवलेले अन्न’ म्हणावे, आणि त्यात ताकाला कोणताही कमीपणा नाही.

प्रीबायोटिक ही संज्ञा ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. शरीरातील सूक्ष्मजीव ज्याचा निवडक वापर करतात आणि त्यातून माणसाला लाभ होतो असा पदार्थ, अशी तिची २०१७ पासूनची व्याख्या आहे. सोप्या शब्दांत, प्रोबायोटिक हे जिवाणू आणि प्रीबायोटिक हा त्यांचा चारा.

मोठ्या आतड्यातील आंबवण : २०१६ च्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. लहान आतड्यात न पचलेला अन्नाचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि ते तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन. अळसांदे, चणे, वाटाणे खाल्ल्यावर पोटात वायू धरतो तोही याच कामातून. कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकियोज या शर्करा फोडणारे विकर माणसाकडे नाही, जिवाणूंकडे आहे. मोड आणल्यावर या शर्करा कमी होतात, म्हणूनच मुगागाठीचे (मोड आलेल्या मुगांच्या रश्श्याचे) मूग अळसांद्यांपेक्षा पोटाला हलके जातात.

सूर : गोव्याच्या आंबवणाची जुनी मुळे माडावर आहेत. महाराष्ट्रात जिला माडी म्हणतात ती गोव्यात सूर. रेंदेर (सूर काढणारा) माडावर चढून न उमललेली पोय (फुलोऱ्याचा कोष) बांधतो, तिचे टोक रोज थोडे थोडे कापतो आणि खाली लावलेल्या मडक्यात रस गोळा करतो. ताज्या रसात सुमारे १५ टक्के साखर असते. मडक्यात, हवेत आणि फुलोऱ्यावर असलेली यीस्ट व जिवाणू त्या साखरेवर तुटून पडतात, त्यामुळे झाडावरून उतरेपर्यंतच रस आंबू लागतो. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आंबटपणा आणतात, आणि हवा लागत राहिली की ॲसिटिक आम्लाचे जिवाणू त्या अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. मडक्याला आतून चुना लावला तर आंबवण रोखली जाते आणि रस गोड राहतो, त्यापासून माडाचा गूळ करता येतो. एकाच रसापासून गूळ, खमीर, मद्य आणि व्हिनेगर! काळ आणि चुना एवढ्यावर सारे ठरते.

ताजी सूर जिवंत सूक्ष्मजीवांनी गच्च भरलेली असते, पण ती मद्य आहे. आतड्याच्या आरोग्यासाठी सूर प्यावी असा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. फेणीबाबत तर प्रश्नच उद्भवत नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा ऊर्ध्वपातन केले की उर्राक आणि पुन्हा केले की फेणी. या उष्णतेत सूक्ष्मजीव मागेच राहतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक संकेत मिळाला तो तिच्या स्थानिक कृतीबद्दल. तिच्या ‘पाचक’ कीर्तीशी त्याचा संबंध नाही.

सान्ना आणि पाव : सान्नांसाठी भिजवलेले तांदूळ आणि नारळ वाटून त्यात सूर घालतात आणि पीठ फुगले की वाफवतात. पोर्तुगीज काळात गव्हाचा पाव आला तेव्हा खमीर म्हणून हीच सूर पोदेरांच्या (पाव भाजणाऱ्यांच्या) उपयोगी पडली. दोन्ही पदार्थ शिजताना त्यांतले सूक्ष्मजीव मरतात. मग आंबवण्याचा उपयोग काय? उपयोग पिठातच होऊन गेलेला असतो. लॅक्टिक जिवाणूंच्या सोबतीने पीठ बराच वेळ आंबले की धान्यातले, लोह-जस्त बांधून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते आणि लोह, जस्त शरीराला अधिक सहज मिळतात. गव्हातील फ्रुक्टाने (न पचणाऱ्या शर्करांच्या साखळ्या) हीही कमी होतात आणि काहींना असा पाव सोसतो. पाकिटातल्या यीस्टवर झटपट फुगवलेल्या पावात हे काम अर्धवटच राहते. गोव्याच्या पोयी या पावाला कोंड्यामुळे तंतुमय म्हणून मान आहे, मात्र आज अनेक ठिकाणी आत मैदा आणि कोंडा केवळ वरून भुरभुरलेला, अशीच पोयी मिळते.

जिवंत जिवाणू कुठे मिळतात : पहिले नाव न उकळलेल्या दही-ताकाचे. दह्याचे जिवाणू दुधातील लॅक्टोज पचवण्यास मदत करतात, हा लाभ भक्कम पुराव्याचा आहे. त्याच ताकाची कढी केली की चव राहते, जिवाणू राहत नाहीत. चेपणीची तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवून मुरवलेल्या, कच्च्याच खाल्ल्या जातात. त्यांत लॅक्टिक आम्लाची आंबवण होऊ शकते, पण मीठ जितके जास्त तितकी जिवाणूंची वाढ मंद. त्यामुळे त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये. न तापवलेल्या, न गाळलेल्या माडाच्या व्हिनेगरात ॲसिटिक जिवाणू असतात, मात्र आतड्याला त्यांचा लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही.

आंबट ते सगळे आंबवलेले, हा समज मात्र पक्का रुजलेला दिसतो. सोलकढीचा आंबटपणा भिंडांच्या (कोकमांच्या) सोलांतल्या आम्लांचा आहे, तिथे आंबवण होत नाही. बालशांव आणि माशाचा पारा ही लोणची व्हिनेगराच्या आम्लात टिकतात. चोरिस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) मीठ, व्हिनेगर आणि धूर यांवर टिकते, आणि शिजवूनच खाल्ले जाते. जेवणात सोलकढी जरूर प्यावी, पण जिवाणूंसाठी नव्हे. भिंडांच्या कुळाशी एक सुंदर धागा मात्र जोडलेला आहे. अतिसारात दिले जाणारे ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ हे यीस्ट फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून वेगळे केले, आणि मँगोस्टीन हे कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीचे झाड आहे.

पेज आणि चारा : सकाळी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत कालची आटवलेली कढी, एखादे तोर किंवा खारे (खारवलेला मासा), हा गोव्याच्या कष्टकरी घरांचा नेम. ही पेज बहुधा ताजीच असते. ओडिशातील पखाळ किंवा बंगालमधील पांता भात रात्रभर पाण्यात आंबवतात, तशी ती आंबवलेली नसते. तिचे मोल तांदळात आहे. भात उकडून, शिजवून थंड झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग अशा घट्ट रचनेत जातो की लहान आतड्यातील विकरांना तो सहज फोडता येत नाही. हे प्रतिरोधी स्टार्च मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला जाते. वाफाळत्या पेजेपेक्षा निवलेल्या पेजेत ते अधिक.

गोमंतकीय आहाराची खरी श्रीमंती या चाऱ्यात आहे, असे ठामपणे म्हणता येते. खतखते या मिश्र भाजीत सुरण, कणगी, कोनफळ, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी अशी एकाच पातेल्यात कितीतरी प्रकारची तंतुमय द्रव्ये येतात. कच्च्या केळ्यात प्रतिरोधी स्टार्च, कांदा-लसणात फ्रुक्टाने, अळसांद्यांत रॅफिनोज. पावसाळ्यातील तायकिळा, तेरे, लुत यांच्या भाज्यांनी ही विविधता आणखी वाढते. जिवाणूंच्या जातीगणिक खाद्याची आवड वेगळी असल्याने तऱ्हेतऱ्हेची भाजी हाच त्यांना सांभाळण्याचा स्वस्त मार्ग. चवथीला अनेक घरांत भाज्यांची जी रेलचेल होते, ती वर्षातून दोनच दिवस उरली आहे, हे खटकते.

पुरावा : स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाच्या १९ प्रथिनांचे प्रमाण घटले. भरपूर तंतू खाणाऱ्या गटात विविधता सरसकट वाढली नाही. प्रयोग लहान होता, आणि त्यात दही, केफिर, किमची, कोम्बुचा असे पदार्थ होते, सान्ना किंवा पाव नव्हते.

औषध म्हणून प्रोबायोटिकांचा सर्वांत चांगला पुरावा प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांबाबत आहे. ३३ चाचण्यांतील मुलांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा असे जुलाब १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांना लॅक्टिक जिवाणूचा एक वाण आणि त्याचे खाद्य एकत्र दिल्यावर जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले (२०१७). याउलट ‘रोज एक बाटली, पोट ठणठणीत’ या प्रकारच्या दाव्यांना असा आधार नाही. बाहेरून घेतलेले जिवाणू बहुधा आतड्यात कायमचे मुक्काम करत नाहीत, घेणे थांबले की काही दिवसांत ते निघून जातात. भारतातील नियमांप्रमाणे प्रोबायोटिक अन्नाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. खरेदी करताना वाणाचे नाव आणि ही संख्या वेष्टनावर शोधावी.

खबरदारी : अकाली जन्मलेली बालके, कर्करोगावर उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले रुग्ण यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नयेत, त्यांच्या रक्तात हेच जिवाणू संसर्ग करू शकतात. क्षोभी आतड्याचा त्रास (आयबीएस) असलेल्यांना कांदा, लसूण आणि अळसांदे सोसत नाहीत, त्यांनी जिवाणूंच्या चाऱ्यासाठी स्वतःचे हाल करून घेऊ नयेत. जेवणातील तंतू हळूहळू वाढवावेत. तोरे, खारे आणि लोणच्यांत मीठ फार असते. दिवसाकाठी एकूण ५ ग्रॅम मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन-चार फोडींतच संपत येते.

सद्यःस्थिती : माडावर चढणारे रेंदेर आता थोडे उरले आहेत. सूर मिळत नाही म्हणून बहुतेक घरांत सान्ना यीस्टवर आणि पाव पाकिटातल्या खमिरावर होतो. सुरेतले सूक्ष्मजीव सान्नात तसेही जिवंत पोहोचत नव्हते. नाहीसे होत आहे ते यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणूंचे मिश्र खमीर, त्याने रात्रभर पिठावर केलेले काम आणि त्या कामातून आलेला किंचित आंबूस गोड वास.