लिस्पमधील लोकल आणि ग्लोबल व्हेरिएबल

लिस्प या संगणकभाषेत व्हेरिएबल म्हणजे एका नावाशी बांधलेले मूल्य. ही बांधणी एखाद्या फंक्शनपुरती किंवा कंसापुरती असेल तर व्हेरिएबल लोकल, आणि सगळ्या प्रोग्रॅमला दिसत असेल तर ग्लोबल, असे साधारणपणे शिकवले जाते. बऱ्याच भाषांना एवढी व्याख्या पुरते. लिस्पला पुरत नाही. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: नाव कुठून दिसते, आणि बांधणी किती काळ टिकते. हा फरक लिस्पवाल्यांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक नव्हता.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. सुरुवातीच्या इंटरप्रिटरमध्ये नावे आणि त्यांची मूल्ये जोड्यांच्या एका यादीत ठेवलेली असत. नवी बांधणी यादीच्या तोंडाशी लागे आणि शोधही तिथूनच सुरू होई. त्यामुळे फंक्शनमध्ये एखादे नाव वापरले आणि ते त्या फंक्शनचे स्वतःचे नसले, तर ज्याने फंक्शनला बोलावले त्याची बांधणी आधी सापडे. याला डायनॅमिक स्कोप म्हणतात. घरात ‘दादा’ अशी हाक मारली की त्याच घरातल्या दादाने ओ द्यावी, ही झाली लेक्सिकल पद्धत: नाव जिथे लिहिले आहे तिथलीच बांधणी पाहायची. डायनॅमिक पद्धतीत निरोप्या ज्या घरी जाईल तिथला दादा उठतो.

जेम्स स्लॅगल यांच्या एका प्रोग्रॅममध्ये, फंक्शनलाच आर्ग्युमेंट म्हणून पाठवताना, या पद्धतीतली अडचण उघडी पडली. आपण ती निव्वळ एक चूक समजलो आणि सहकारी स्टीव्ह रसेल ती लवकरच दुरुस्त करतील असे सांगून मोकळे झालो, अशी कबुली मॅकार्थी यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या इतिहासात दिली आहे. रसेल यांनी दुरुस्ती केली ती ‘फनआर्ग’ नावाची युक्ती काढून: फंक्शनबरोबर त्याच्या जन्मठिकाणच्या बांधण्याही पाठवायच्या. लेक्सिकल स्कोप हाच भाषेचा मूळ नियम झाला तो १९७५ मध्ये, जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांच्या स्कीम या लिस्पच्या बोलीत. १९८४ च्या कॉमन लिस्प या बोलीनेही तो घेतला, पण जुनी पद्धत टाकून दिली नाही.

कॉमन लिस्पमध्ये लोकल व्हेरिएबल मुख्यतः ‘लेट’ने किंवा फंक्शनच्या आर्ग्युमेंट यादीतून तयार होते. (या नोंदीतील कोड देवनागरीत दिला आहे.)

(लेट ((मोज ०))
  (डेफन पुढचा () (इन्कएफ मोज)))

‘डेफन’ फंक्शन तयार करतो, ‘इन्कएफ’ आकडा एकाने वाढवतो. ‘पुढचा’ला दर वेळी बोलावले की १, २, ३ असे आकडे मिळत जातात. बाहेरून ‘मोज’ असे नाव घेतले तर मात्र त्याला मूल्यच नाही अशी तक्रार येते. लेटचा कंस केव्हाच बंद झाला, तरी बांधणी जिवंत आहे, कारण एक फंक्शन तिला धरून बसले आहे. थोडक्यात, लोकल व्हेरिएबल थोड्याच जागेतून दिसते, पण गरज असेल तितका काळ टिकते. नवशिक्यांची समजूत बहुधा याच्या उलट असते.

ग्लोबल व्हेरिएबल ‘डेफव्हार’ किंवा ‘डेफपॅरामीटर’ने जाहीर करतात. नावाला आधीच मूल्य असेल तर डेफव्हार त्याला हात लावत नाही. डेफपॅरामीटर दर वेळी नवे मूल्य बसवतो. फाइलमध्ये आकडा बदलला, फाइल पुन्हा लोड केली, तरी प्रोग्रॅम जुनाच आकडा धरून बसला असेल, तर आधी डेफव्हारकडे पाहावे. काहीच जाहीर न करता थेट ‘सेटक्यू’ने मूल्य दिल्यास काय व्हावे, हे कॉमन लिस्पच्या १९९४ च्या अन्सी (अमेरिकी मानकसंस्था) मानकात ठरवून दिलेले नाही. एसबीसीएल हा कंपायलर इशारा देतो आणि नाव ग्लोबल धरून पुढे जातो.

या दोन्ही रीतींनी जाहीर केलेले व्हेरिएबल नुसते ग्लोबल नसते, ते ‘स्पेशल’ असते. त्यावर लेट वापरला की जुनी डायनॅमिक पद्धत जागी होते:

(लेट ((*प्रिंट-बेस* २))
  (प्रिंट १०))

*प्रिंट-बेस* म्हणजे आकडे छापताना वापरायचा पाया. तो २ केल्याने पडद्यावर दहाचे द्विमान रूप, १०१०, उमटते. ‘प्रिंट’ हे फंक्शन कोणीतरी पूर्वीच लिहून ठेवलेले आहे, ते या लेटच्या कंसात बसत नाही. तरी त्याला बदललेला पाया दिसतो. कंस संपला, मध्येच चूक होऊन बाहेर पडावे लागले तरीही, पाया आपोआप १० वर परततो. स्पेशल बांधणी कुठूनही दिसते, पण कंसाबरोबर संपते. आउटपुट काही काळ दुसरीकडे वळवणे, एखादी सेटिंग तात्पुरती बदलणे अशा कामांना याहून नेटकी सोय क्वचितच सापडेल.

नावाच्या दोन्ही बाजूंच्या तारांकनांना लिस्पवाले ‘इअरमफ’ म्हणतात. कंपायलरच्या लेखी त्यांना काही अर्थ नाही. तो फक्त संकेत आहे. पण तो मोडून एखाद्याने साध्या ‘दर’ या नावालाच डेफव्हार लावला, तर त्यानंतर कंपाइल होणाऱ्या कोडमधला ‘दर’ नावाचा प्रत्येक लेट गुपचूप स्पेशल होतो. अशी चूक शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधले लिस्प मात्र दीर्घकाळ पूर्णपणे डायनॅमिकच राहिले. २०१२ च्या २४व्या आवृत्तीपासून फाइलच्या पहिल्या ओळीत सूचना लिहून लेक्सिकल पद्धत निवडता येऊ लागली.

‘लोकल की ग्लोबल’ हा प्रश्न रोज पडतो तो मात्र ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना. १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये असलेल्या ऑटोलिस्पमध्ये लोकल नावे आर्ग्युमेंट यादीत तिरक्या रेघेनंतर लिहितात:

(डेफन सी:खोली (/ बिंदू१ बिंदू२) ...)

‘सी:’मुळे ‘खोली’ ही ऑटोकॅडची कमांड बनते. रेघ आणि तिच्या आजूबाजूची नावे यांच्यात मोकळी जागा हवी. या यादीत नसलेले आणि सेटक्यू केलेले प्रत्येक नाव ग्लोबल होते आणि ड्रॉइंग बंद होईपर्यंत राहते. शिवाय मूल्य नसलेले नाव इथे तक्रार करत नाही, निमूटपणे ‘निल’ देते. त्यामुळे टायपिंगची चूक लगेच कळत नाही. अनुभवी मंडळी चाचणी करताना लोकलची यादी मुद्दाम रिकामी ठेवतात, कमांड लाइनवर उद्गारचिन्ह आणि नाव टाइप करून मूल्य तपासतात, आणि काम जमले की नावे रेघेनंतरच्या यादीत नेतात.

ऑटोलिस्पही डायनॅमिक आहे, आणि याचा फायदा चूक झाली की चालणाऱ्या ‘*एरर*’ या फंक्शनच्या बाबतीत घेतात. हे नाव लोकल यादीत टाकून आपल्या कमांडपुरते वेगळे फंक्शन लिहायचे. वापरणाऱ्याने एस्केप दाबले तर तेच चालते, आणि एरवीचे मूळ फंक्शन शाबूत राहते. ओस्नॅपच्या (ठरावीक बिंदू अचूक पकडण्याच्या सोयीच्या) ‘ओएसमोड’सारखी सिस्टिम व्हेरिएबल मात्र या व्यवस्थेत येत नाहीत. ती ‘सेटव्हार’ने बदलतात आणि आपण परत केल्याशिवाय परतत नाहीत, म्हणून त्यांचे जुने मूल्य आधी जपून ठेवून त्याच *एरर*मध्ये पुन्हा बसवतात. ऑटोकॅड २००० पासून प्रत्येक ड्रॉइंगचे नामविश्व स्वतंत्र आहे, त्यामुळे तिथले ग्लोबलही शेजारच्या ड्रॉइंगला दिसत नाही. त्यासाठी ‘ब्लॅकबोर्ड’ नावाची सामाईक जागा असून ‘व्हीएल-बीबी-सेट’ने तिथे मूल्य ठेवतात व ‘व्हीएल-बीबी-रेफ’ने ते वाचतात.