बांबूचं कापड म्हणजे सरळ बांबूचा धागा? नाही!

बेळगावच्या बाजारात बांबूचे टी-शर्ट, मोजे, टॉवेल दिसले की ‘शंभर टक्के नैसर्गिक, जंतू धरत नाही’ हे ऐकायला मिळतंच. खानापूरच्या जंगलात बांबू भरपूर, त्यामुळे आपल्याकडे ते चटकन पटतंही. पण बुट्टी विणायला बांबूच्या कांब्या काढतात, तसा हा धागा निघत नाही.

बाजारातलं बहुतेक ‘बांबू कापड’ म्हणजे व्हिस्कोस, आपल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या भाषेत रेयॉन. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात. तो मधासारखा घट्ट द्राव बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात सोडला की तंतू बनतो. निलगिरीच्या लगद्यापासूनही अगदी हाच धागा होतो. कार्बन डायसल्फाइडची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेवर घाला घालते, आणि मला हीच बाब सगळ्यात गंभीर वाटते. जंतुरोधक गुण या प्रक्रियेत टिकतो, याला आधार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये अशा दाव्यांवरून कंपन्यांवर कारवाई केली.

म्हणून रेयॉन म्हणजे प्लास्टिक, असंही नव्हे. तो सेल्युलोज, म्हणजे झाडांच्या तंतूंचाच मूळ पदार्थ आहे, मातीत कुजतो. पॉलिस्टर मिसळलं की तेवढा भाग कुजत नाही. लायोसेल हाही लगद्याचाच धागा, पण वेगळ्या द्रावकात (लगदा विरघळवणाऱ्या रसायनात) बनवलेला. त्यात हा द्रावक जवळजवळ सगळा परत वापरतात, म्हणून तो उजवा.

घेताना लेबल बघा. ‘व्हिस्कोस’ की ‘लायोसेल’, आणि पॉलिस्टर किती टक्के, हे दुकानदाराला विचाराच.