धावपटूंच्या हाती फावडे: लंडनच्या सामुदायिक बागांमागची पार्श्वभूमी

लंडनमध्ये, आणि आता ब्रिटनच्या इतरही अनेक शहरांत, आठवड्यातून एका संध्याकाळी धावपटूंचा घोळका ठरलेल्या ठिकाणी जमतो, दोन-तीन किलोमीटर धावत एखाद्या सामुदायिक बागेत पोहोचतो, तेथे पाऊण तास माती-खताचे काम करतो आणि धावतच परततो. या प्रथेची ओळख बहुधा व्यायामाचा एक नवा प्रकार म्हणून करून दिली जाते. तिच्या मुळाशी मात्र व्यायामापेक्षा जमिनीचा, आणि सार्वजनिक जागेची निगा कोणी राखायची या वादाचा भाग मोठा आहे.

ब्रिटनमध्ये अलॉटमेंट आणि सामुदायिक बाग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी नाममात्र भाड्याने मिळणारा, साधारण २५० चौरस मीटरचा तुकडा. मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देणे हे १९०८ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. हा तुकडा कोणाच्या तरी नावावर असतो. ज्याचा तुकडा त्याने तो खुरपायचा, इतका हा हिशेब सरळ आहे. सामुदायिक बाग मात्र कोणाच्याच नावावर नसते. १९७० च्या दशकापासून पडीक जागांवर रहिवाशांनी ज्या बागा उभ्या केल्या, त्या सर्वांच्या होत्या, आणि म्हणूनच तण काढण्याची पाळी कोणाची हा प्रश्न तेथे कायम राहिला.

पूर्व लंडनमध्ये हा प्रश्न २००७ नंतर वेगळ्या वळणावर आला. ऑलिंपिकच्या क्रीडासंकुलासाठी त्या वर्षी ली नदीच्या खोऱ्यातील, सुमारे शंभर वर्षे कसले जात असलेले ऐंशीच्या आसपास अलॉटमेंटचे तुकडे रिकामे करून घेण्यात आले. धावण्याच्या स्पर्धांसाठी भाजीचे वाफे उठवले गेले, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच भागात धावपटू वाफे भरायला येऊ लागले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये लंडनभर २०१२ सालापर्यंत अन्न पिकवण्याच्या २,०१२ नव्या जागा तयार करण्याची योजना जाहीर झाली, आणि ते उद्दिष्ट मुदतीत गाठलेही गेले. परंतु अशा योजनांचा भर नेहमी उद्घाटनावर असतो. लाकडी चौकटी बसवणे, माती आणून टाकणे, फलक लावणे यासाठी पैसा मिळतो. तिसऱ्या उन्हाळ्यात माजलेले गवत उपटण्यासाठी तो क्वचितच मिळतो. त्यात २०१० नंतर सरकारी काटकसरीमुळे स्थानिक प्रशासनांच्या उद्यान-खर्चाला कात्री लागली. बागा वाढल्या आणि राबणारे हात घटले.

धावपटूंचा उपक्रम २००९ मध्ये पूर्व लंडनमध्येच सुरू झाला, पण तो बागेसाठी नव्हता. व्यायामशाळेतील यंत्रांवर वाया जाणारी शक्ती एखाद्याच्या उपयोगी का पडू नये, अशी त्यामागची कल्पना होती. धावपटूने ठरलेल्या दिवशी एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या घरापर्यंत धावत जायचे, वर्तमानपत्र द्यायचे, चार शब्द बोलायचे आणि परत यायचे. वृद्धांच्या घरी पाठवण्यापूर्वी मात्र प्रत्येकाची पूर्वचौकशी आवश्यक असते, आणि अशा भेटीला एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. पंचवीस जणांचा गट एकत्र धावू लागला की सर्वांना एकाच वेळी पुरेल, शिकवावे लागणार नाही आणि पाऊण तासात संपेल असे काम हवे असते. सामुदायिक बागेत असे काम हमखास मिळते. झाडे छाटणाऱ्या कंत्राटदाराने फाटकाशी ओतलेला लाकडाच्या तुकड्यांचा ढीग एकचाकी गाडीने आणि बादल्यांनी मागच्या वाटांपर्यंत नेऊन पसरणे, हे त्याचे नमुनेदार उदाहरण. दोन निवृत्त माणसांना ज्याला आठवडा लागेल, ते काम पंचवीस जण कपडे बदलण्याचीही तसदी न घेता उरकतात.

तण काढण्याच्या बाबतीत मात्र हे गणित तितकेसे जुळत नाही. तेथील बाइंडवीड ही वेल आपल्याकडच्या हरळी-लव्हाळ्याच्या जातकुळीतली आहे, वनस्पतिशास्त्रानुसार नव्हे, पण चिवटपणाने. तिच्या पांढऱ्या मुळाचा लहानसा तुकडा मातीत राहिला तरी ती पुन्हा उगवते. घाईने उपटणाऱ्या पन्नास हातांनी ती कमी होत नाही, उलट पसरते.

या साऱ्या इतिहासात सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला निर्णय बागेत नव्हे, तर एका उद्यानात झाला. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी सुरू केलेली पाच किलोमीटरची मोफत धाव पुढे देशभर दर शनिवारी होऊ लागली होती. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या उत्तर सीमेवरील लिटल स्टोक येथील उद्यानात या धावेसाठी शुल्क आकारण्याचे तेथील ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक परिषदेने सहा विरुद्ध चार मतांनी ठरवले. माणशी एक पौंडाच्या आसपास, इतकीच ती रक्कम होती. दर आठवड्याला शेकडो पावलांनी वाटा झिजतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा भार न धावणाऱ्या करदात्यांवर का पडावा, असा परिषदेचा मुद्दा होता. आयोजकांनी शुल्क देण्याऐवजी तेथील धाव बंद केली. देशभर उमटलेली प्रतिक्रिया बहुतांशी परिषदेच्या विरोधात होती, आणि सरकारने २०१७ मध्ये असे शुल्क रोखण्याच्या दृष्टीने जनतेची मते मागवली.

परिषदेची त्या काळी यथेच्छ टिंगल झाली, ती सर्वस्वी न्याय्य होती असे वाटत नाही. तिने चुकीचा उपाय निवडला असेल, पण विचारलेला प्रश्न खरा होता. वादात ‘स्वयंसेवक’ या शब्दानेही गोंधळ वाढवला. धावण्याच्या जगात स्वयंसेवक म्हणजे वेळ नोंदवणारा, वळणावर उभा राहून दिशा दाखवणारा. त्याची सेवा धावपटूंना मिळते, जमिनीला नव्हे. बागेच्या जगात त्याच शब्दाचा अर्थ फावडे धरणारा असा होतो. मराठीत ‘स्वयंसेवक’ आणि ‘श्रमदान’ असे दोन शब्द हाताशी असल्यामुळे हा फरक आपल्याला चटकन जाणवतो. पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जाताना उन्हाळ्यात रोपांसाठी पाण्याची बाटली वर नेणारा माणूस स्वतःला क्वचितच स्वयंसेवक म्हणवतो. धावत मदतीला जाण्याचा उपक्रम या वादाच्या सात वर्षे आधीचा आहे, त्यामुळे तो त्याचे उत्तर म्हणून जन्मला असे म्हणता येत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत गटाने धावणे थांबले आणि औषधे पोहोचवण्यासारखी एकेकट्याने करायची कामे पुढे आली. निर्बंध उठल्यावर गट पुन्हा बागांकडे वळले. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गट येतात कामाचे तास संपल्यावर. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात रोप कोणते आणि तण कोणते हे ओळखणे कठीण असते, पण लाकडाच्या तुकड्यांचा ढीग अंधारातही दिसतो.