गणंग आणि खडा

मटकी रात्रभर भिजत घातली की सकाळी पातेल्याच्या तळाशी थोडे टणक दाणे उरतात. काही खडे असतात, काही गणंग, म्हणजे न भिजलेले दाणे. दाताखाली आले की दोन्ही सारखीच कळ आणतात, म्हणून आपण दोन्ही वेचून टाकतो. मी बालवाडीत शिकवते आणि मला मनापासून वाटतं, सजीव-निर्जीव शिकवायला याहून चांगली जोडी नाही.

एरवी आपण काय करतो? कुत्र्याला गोल, टेबलाला फुली. मुलं उत्तरं बरोबर देतात, पण बहुतेकदा 'हलतं का' एवढ्याच एका खुणेवरून. लहान मुलांना सूर्य, वारा अशा हलणाऱ्या गोष्टी जिवंत वाटतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकातच नोंदवलं होतं. आणि आपण 'सजीव हालचाल करतात' असं फळ्यावर लिहून तोच गैरसमज पक्का करतो. मग पंखा सजीव होतो आणि दारातला आंबा निर्जीव.

गणंग आणि खडा, दोघंही हलत नाहीत, खात नाहीत, वाढताना दिसत नाहीत. त्यामुळे ही खूण इथे कामालाच येत नाही.

खडा म्हणजे दगडाचा तुकडा. फोडला तर दोन खडे होतात, आत-बाहेर सारखेच. गणंग मात्र मटकीचंच बी. त्याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही, म्हणून ते फुगत नाही आणि रुजतही नाही. हा दाण्यातला दोष नव्हे. सगळं बी पहिल्याच पावसात उगवलं आणि पुढे पावसाने दडी मारली, तर सगळी रोपं करपतील. मागे राहिलेले दाणे पुढच्या पावसाला उगवतात. बी किती काळ थांबू शकतं? इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं.

दहा-बारा गणंग घ्या आणि तेवढेच खडे. दोन्ही पॉलिश पेपरवर हलके घासा, साल जरासं खरवडलं की पुरे. रात्रभर भिजवा, मग वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत गणंगांना मोड दिसू लागतात. सगळ्यांनाच येतील असं नाही, म्हणून एकच दाणा घेऊ नका. शेजारी उकडलेली मटकीही ठेवा. तिला मोड येत नाहीत, ती आंबते. ती मेलेली आहे आणि खडा कधी जगलाच नव्हता. 'निर्जीव' या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो, ते मला खटकतं.

आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "ताई, खडापण झोपलाय. अजून घासूया." प्रश्न रास्त होता. मोड आले नाहीत एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मग आम्ही एक खडा फोडला आणि भिजून मऊ झालेला एक गणंग नखाने उकलला. खड्यात नुसता दगड. गणंगात दोन डाळिंब्या आणि त्यांच्या बेचक्यात वाकून बसलेला इवलासा कोंब. तिने तो बराच वेळ बोटावर धरून ठेवला.

तरी एक खडा तिने कुंडीत पुरला आहेच, मोड आलेल्या मटकीशेजारी. रोज दोघांना पाणी घालते. मी अडवत नाही.