क्रीडा प्रक्षेपण हक्क : वाहिन्या आणि इंटरनेट कंपन्यांमधील स्पर्धा

सामन्यांचे थेट प्रक्षेपण मिळवण्यासाठी सशुल्क दूरचित्रवाणी वाहिन्या आणि इंटरनेट जोडणी पुरवणारे उद्योगसमूह यांच्यात चालणारी चढाओढ. भारतात तिचे ठळक रूप आयपीएलच्या हक्कविक्रीत दिसले.

या चढाओढीतले दोन पक्ष एकाच वस्तूवर बोली लावतात, पण त्यांचे हिशेब वेगळे असतात. वाहिनी सामना विकते. वर्गणी आणि जाहिरातींतूनच तिला हक्कांची किंमत वसूल करावी लागते. इंटरनेट विकणाऱ्याला सामना फुकट दाखवणेही परवडू शकते, कारण त्यामुळे डेटा खपतो आणि ग्राहक टिकतो. ब्रिटनमध्ये बीटी या दूरसंचार कंपनीने हेच केले. तिने २०१२ मध्ये प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचे दर हंगामी ३८ सामने तीन वर्षांसाठी ७३ कोटी ८० लाख पौंडांना घेतले आणि पुढच्या वर्षापासून ते आपल्या ब्रॉडबँड ग्राहकांना मोफत दाखवले. जुनी मक्तेदार सशुल्क वाहिनी स्काय धास्तावली. लीगच्या देशांतर्गत हक्कांची किंमत सुमारे ३ अब्ज पौंडांवरून २०१५ च्या लिलावात ५.१ अब्जांवर गेली.

आयपीएलचे हक्क सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत विकले गेले, तेव्हा भारतातील डिजिटल हक्कांसाठी फेसबुकने ३,९०० कोटींची बोली लावली होती. एअरटेल आणि जिओ प्रत्येकी ३,००० कोटींच्या पुढे होत्या. तरी सगळे हक्क स्टार इंडियाकडे गेले. दूरचित्रवाणी, डिजिटल अशा हक्कांच्या सर्व गटांसाठी मिळून एकत्रित बोली लावण्याची तेव्हा मुभा होती आणि स्टारची १६,३४७.५० कोटींची बोली सुट्या गटांतील सर्वोच्च बोलींच्या बेरजेपेक्षा जास्त भरली.

जून २०२२ च्या ई-लिलावात बीसीसीआयने ही मुभा काढून घेतली. पुढचे सारे या एका नियमातून घडले. दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारने (पूर्वीची स्टार इंडिया) २३,५७५ कोटींना राखले, तर भारतातील डिजिटल हक्क रिलायन्सशी जोडलेल्या वायकॉम१८ ने २०,५०० कोटींना नेले. उरलेले गट धरून पाच वर्षांसाठी एकूण रक्कम ४८,३९० कोटी झाली. एकच सामना आता दोन प्रतिस्पर्ध्यांकडे होता.

२०२३ चा हंगाम वायकॉम१८ च्या जिओसिनेमा या ॲपने मोफत दाखवला, तोही केवळ जिओच्या ग्राहकांना नव्हे तर कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड असलेल्यांना. समालोचन मराठीतही होते. ते करणारा केदार जाधव हंगामाच्या मध्यावर बंगळूरच्या संघात बदली खेळाडू म्हणून दाखल झाला. मराठी समालोचन ही उपकारादाखल दिलेली जोड नव्हती. स्पर्धा होती म्हणून प्रेक्षकाच्या भाषेला किंमत आली, हे नोंदवले पाहिजे. अंतिम सामना एका वेळी ३.२ कोटी प्रेक्षकांनी जिओसिनेमावर पाहिला. डिस्ने स्टारच्या हॉटस्टार या ॲपचे वर्गणीदार मात्र वर्षभरात सुमारे ६.१ कोटींवरून ३.८ कोटींखाली आले, आणि २०२३ चा विश्वचषक त्यालाही मोबाइलवर मोफत दाखवावा लागला.

इतका तोटा दीर्घकाळ सोसणे वाहिनीला शक्य नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांनी विलीनीकरण जाहीर केले, स्पर्धा आयोगाने अटींसह मान्यता दिली आणि नोव्हेंबरमध्ये जिओस्टार ही एकत्रित कंपनी अस्तित्वात आली. दोन वर्षांपूर्वी जाणीवपूर्वक वेगळे केलेले हक्क पुन्हा एका छताखाली गेले. २०२५ च्या हंगामात तिच्या जिओहॉटस्टार या ॲपवर पूर्ण सामन्यासाठी वर्गणी लागू झाली; जिओच्या २९९ रुपयांच्या किंवा त्यावरील रिचार्जवर ती ९० दिवस मोफत मिळत होती.

प्रेक्षकाला कायद्याचा आधार मर्यादित आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण संकेत (सिग्नल) प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारण संस्थेला द्यावे लागतात, पण आयपीएल त्यात मोडत नाही. सध्याच्या हक्कांची मुदत २०२७ च्या हंगामापर्यंत आहे. त्यानंतरच्या लिलावात जिओस्टारसमोर तोडीचा बोलीदार उभा राहतो का, यावर मंडळाचे उत्पन्न आणि सामना पाहण्याचा खर्च दोन्ही अवलंबून असतील.